तीस हजार फेऱ्यांचे हत्यार

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या रुळाला लागली की विठ्ठलवाडीपाठोपाठ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तीन स्टेशने ओळीने येतात. गावे शेजारी खरी, पण तिघांचे तीन स्वभाव. उल्हासनगरला वस्तू विकतात आणि मोडली तर दुरुस्तही करून देतात. अंबरनाथला वस्तू बनवणारी यंत्रे चालतात, आणि अशी यंत्रे बनवणारे कारखानेही आहेत. बदलापूरला माणसे राहायला येतात. नव्या घरात राहायला आलेल्या माणसाच्या मागे जी शंभर किरकोळ लचांडे लागतात, ती पिशवीत घालून हा बदलापूरकर पुन्हा उलट्या गाडीने उल्हासनगर गाठतो.

या तीन गावांमधून माझे नेहमी जाणे-येणे आहे, आणि हत्यारांची मला थोडी हौस आहे हे आसपासच्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणून अलीकडे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "अहो, ते हातात धरायचे, गरगर फिरणारे छोटे यंत्र असते ना, त्यातले घरासाठी कोणते घ्यावे?"

प्रश्न वरवर साधा दिसतो. पण दुकानात पाऊल टाकले की हजार-बाराशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत रांग लागलेली असते, आणि प्रत्येक खोक्यावर तेच चित्र आणि तीच फुशारकी असते. ज्याच्या घरात महिन्याकाठी हौसेसाठी चार-पाचशे रुपये जेमतेम उरतात, त्याने कशावर विश्वास ठेवायचा? म्हणून पाहून, विचारून आणि हाताळून जे कळले ते येथे एकत्र मांडतो.

लाटण्याएवढे यंत्र

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम ओळख. पोळ्यांच्या लाटण्याएवढ्या लांबीचे, पण त्याहून थोडे जाड असे हे विजेचे हत्यार. पोटात लहानशी मोटर, एका टोकाला वायर आणि दुसऱ्या टोकाला चिमटीसारखी पकड. या पकडीला कारागीर कॉलेट म्हणतात. तिच्यात बारीक दांडीचा जो तुकडा बसवाल ते काम हे यंत्र करते. ड्रिल बसवले तर भोक पाडते. पातळ चकती बसवली तर खिळा कापते. काचकागदाचे नळकांडे चढवले तर लाकूड घासते, नमद्याचा गोळा लावला तर पितळ चकाकवते आणि हिऱ्याची कणी बसवलेले टोक लावले तर काचेवर नाव कोरते.

दुकानात याला कोणी 'रोटरी टूल' म्हणतो, कोणी 'मिनी ग्राइंडर', तर कोणी सरळ 'ड्रेमेल'. हे शेवटचे नाव एका कंपनीचे. आल्बर्ट ड्रेमेल नावाच्या, मूळच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावी ही कंपनी काढली. १९९३ पासून ती जर्मनीच्या बॉशकडे आहे. पण आपल्याकडे वनस्पती तुपाला जसे डालडा आणि छायाप्रतीला जसे झेरॉक्स, तसेच या नावाचे झाले. म्हणून दुकानदाराने 'ड्रेमेल आहे' असे म्हटले, तर ते कंपनीचे नाव की जातीचे, एवढे आधी विचारून घ्यावे.

सिंधचे मणी आणि सुताराचा सामता

यंत्र नवे असले तरी फिरत्या टोकाने वस्तू कोरण्याची विद्या फार जुनी आहे, आणि तिचे माहेर आपल्याच उपखंडात सापडते. बलुचिस्तानातील मेहरगड येथे नवाश्मयुगीन माणसांच्या दाढा सापडल्या. जिवंतपणीच गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या अशा अकरा दाढांचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दंतवैद्याच्या खुर्चीत बसून कुरकुरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

सिंध प्रांतातील चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, तेव्हा मण्यांचा एक कारखानाच उजेडात आला. अकीकासारख्या कठीण दगडाच्या लांबट मण्यांना आरपार भोक पाडण्याची दगडी टोके तेथे होती. ज्या दगडाची ती टोके बनवीत, त्याला अभ्यासकांनी पुढे मॅके यांच्याच नावावरून 'अर्नेस्टाइट' म्हटले. एका लांब मण्याला भोक पाडायला कित्येक दिवस लागत. फाळणीनंतर त्याच सिंधमधून उठून आलेले लोक कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचा पाया घातला गेला, आणि तिचे नाव उल्हासनगर पडले. आज तेथल्या बाजारात या यंत्राची टोके पुडीने मिळतात.

आपल्या सुतारांकडे हेच काम 'सामता' करीत असे. कमानीची दोरी दांडीभोवती गुंडाळायची आणि कमान मागेपुढे ओढायची, की टोक आलटून पालटून दोन्ही बाजूंनी फिरे. पुढे १८७१ साली मॉरिसन या अमेरिकन दंतवैद्याने पायाने चालवायच्या दातकोरणीचे पेटंट घेतले. १८७५ मध्ये ग्रीन याने तिला वीज जोडली. लवचीक दांडीची लटकती मोटर करणारी फोरडम कंपनी १९२२ मधली. सराफ, दंतवैद्य आणि घरचा हौशी कारागीर या तिघांची हत्यारे म्हणजे सख्खी भावंडेच. ही गोष्ट निवड करताना फार उपयोगी पडते. ती कशी ते पुढे येईलच.

वेग म्हणजे बळ नव्हे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत काय छापलेले असते? मिनिटाला ३०,००० फेरे, ३५,००० फेरे! घेणाऱ्याला वाटते, जितके फेरे जास्त तितके यंत्र दणकट. येथेच पहिली गफलत होते.

थोडे गणित करू. अडीअडचणीला सुतार किंवा फॅब्रिकेटर वापरतो त्या मोठ्या ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटरची असते आणि मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. म्हणजे तिची कड सेकंदाला सुमारे ५७ मीटर धावते. आपल्या लहान यंत्रातले कोरणीचे टोक असते अवघे ३ मिलिमीटरचे. ते ३०,००० फेऱ्यांनी फिरले तरी त्याची कड सेकंदाला पाच मीटरदेखील गाठत नाही. टोक बारीक, म्हणूनच फेरे जास्त द्यावे लागतात. त्यात पराक्रमाचा भाग काही नाही.

आणि बळ? ते वॅटमध्ये पाहावे. या जातीची बहुतेक यंत्रे १३० ते १७५ वॅटची असतात. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो. म्हणजे हे हत्यार मिक्सरच्या पाव ताकदीचे. त्याला दाबले की ते गुदमरते, मोटर तापते आणि वास येऊ लागतो. दंतवैद्याच्या हवेवर चालणाऱ्या कोरणीचे पाहा. १९५७ साली अमेरिकेत ती बाजारात आली, आणि मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेई. पण जोर देऊन दाबली की ती मंदावते. थोडे थोडे झिजवणे हाच या साऱ्या कुळाचा धर्म आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांनी डोळे भरून पाहिले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमारास, शिलाहार मुम्मुणीच्या काळात उभे राहिलेले ते काम काळ्या पाषाणात आहे, आणि सारे छिन्नीने कणाकणाने उतरवलेले. हातात वीज आली म्हणून हा नियम बदलत नाही. भिंतीत पंख्याचा हूक बसवायचा असेल, जाड लोखंडी कोन कापायचा असेल किंवा पावसाने फुगलेला दरवाजा तासायचा असेल, तर हे यंत्र घेऊ नका. त्या कामांना अनुक्रमे हॅमर ड्रिल, मोठा ग्राइंडर आणि रंधा आहे.

चार जाती

घरी आणता येतील अशा चार जाती बाजारात दिसतात.

पहिली, वायरची आणि हातात धरायची. घरच्या किरकोळ कामांना हीच सर्वांत सोयीची. तिचा वेग कमीजास्त करण्याची चकरी असते. खालचा वेग ५,००० ते १०,००० च्या दरम्यान असावा. जिचा सर्वांत मंद वेगच १५,००० च्या वर आहे ती प्लॅस्टिकच्या आणि पॉलिशच्या कामाला निरुपयोगी. चांगल्या यंत्रात आणखी एक सोय असते. काम जड गेले तर आतले इलेक्ट्रॉनिक मंडल वेग पडू देत नाही. ही सोय मिळत असेल तर तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत.

दुसरी, बॅटरीवरची. वीज गेली तरी चालते, गच्चीवर आणि जिन्यातही नेता येते. कोरणे, लहान भोके पाडणे, मुलांच्या प्रकल्पाचे काम करणे, एवढ्याला ठीक. पण घासण्याचे सलग काम निघाले की बॅटरी लवकर मान टाकते. शिवाय पाच वर्षांनी त्याच मापाची बॅटरी मिळेल की नाही, हा प्रश्न राहतोच.

तिसरी, सराफांची लटकती मोटर. मोटर भिंतीवरच्या हुकाला टांगलेली, तिच्यातून हातभर लांब लवचीक दांडी निघते आणि हातात येते ते फक्त जाड पेनाएवढे टोक. वेग पायाखालच्या पॅडलने ठरतो. हातात मोटरचे ओझे नाही, हाताला चटका नाही, आणि मोटर मोठी असल्याने ती तासन्‌तास चालते. मात्र ती एका जागी बसून करायच्या कामाची. दांडी फार वाकवू नये आणि तिच्या आतल्या तारेला अधूनमधून ग्रीस द्यावे लागते.

चौथी, दातांच्या कवळ्या घासणाऱ्यांची आणि नखे रंगवणाऱ्यांची मायक्रोमोटर. आवाज कमी, थरथर कमी, नाजूक कामाला उत्तम. तिच्यात बहुधा २.३५ मिलिमीटर दांडीचीच टोके बसतात.

पकडीची परीक्षा

या चारांतील कोणतीही जात घ्या, खरी परीक्षा पकडीची. हे मला शिकवले ते अंबरनाथच्या एका निवृत्त टर्नरने. उभी हयात लेथवर गेलेली, आता बदलापुरास मुलाकडे राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अंबरनाथ म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीचे आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीचे गाव. शिवाय औद्योगिक वसाहतीतले असंख्य लहान कारखाने आहेतच. तेथल्या जुन्या कामगाराच्या बोटांना केसाएवढे अंतर समजते.

अण्णा दुकानात गेले की खोक्यावरची अक्षरे वाचतच नाहीत. आपल्या खिशातून ड्रिलचा एक नवा सरळ तुकडा काढतात आणि उलटा पकडीत बसवतात, म्हणजे गुळगुळीत दांडी बाहेर राहते. तिच्याजवळ पेन्सिलीचे टोक टेकवल्यासारखे धरून यंत्र हाताने सावकाश फिरवतात. पेन्सिल आणि दांडी यांच्यामधली फट सर्व बाजूंनी सारखी दिसली तर यंत्र सरळ. कधी टेकते आणि कधी सुटते असे झाले तर ते वाकडे. मग पेन्सिल बाजूला ठेवून अगदी मंद वेगाने चालू करतात. दांडी एकच दिसली तर ठीक. जाडसर किंवा दुहेरी दिसली तर यंत्र परत. शेवटी बंद करून दांडीला आडवा हलका झोका देऊन पाहतात. खुळखुळ लागली तर आतली बेअरिंग सैल आहेत.

"अहो, पुढचे टोक थरथरले तर भोक मोठे पडते, चकती फुटते आणि हाताला मुंग्या येतात," अण्णा म्हणाले. "फेरे कितीही देऊ दे. पकड वाकडी असली की सगळे फेरे वाकडेच."

पकडीच्या बाबतीत मापाचाही घोळ असतो. काही टोकांची दांडी ३.२ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा आठवा भाग असते. काहींची पूर्ण ३ मिलिमीटर असते, आणि सराफी व दातांच्या कामाची २.३५ मिलिमीटर. ३.२ च्या कॉलेटमध्ये ३ ची दांडी आवळून बसते असे वाटते, पण ती मध्यावर बसत नाही आणि वेगात निसटूही शकते. म्हणून यंत्राबरोबर निरनिराळ्या मापांची कॉलेट मिळतात का, हे पाहावे. २.३५ चे कॉलेट मिळाले तर सराफ आणि दंतवैद्य यांचा सारा बाजार तुम्हाला मोकळा होतो. ती टोके मुबलक मिळतात, बारीक असतात आणि कठीण धातूची असतात. वर भावंडे म्हटले ते यासाठी.

दोनशे नगांचा मोह

आता एका घरात काय घडले ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या एक वहिनी नारळाच्या करवंट्यांचे दिवे करतात. करवंटी घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर जाळीची नक्षी कापायची आणि आत पणती ठेवायची. बचत गटाच्या स्टॉलवर दिवे खपले आणि दिवाळीसाठी दोनशे दिव्यांची मागणी आली. आगाऊ रक्कमही हाती पडली. यजमानांची नोकरी खासगी, पगार वेळेवर होईलच असे नाही. म्हणून या दोनशे दिव्यांवर मुलीच्या क्लासची फी अवलंबून होती.

वहिनींनी दीड हजारांचे यंत्र घेतले होते. सोबत डब्यात दोनशे नग! उघडला की डोळे दिपावेत असा डबा. पण त्यातले निम्मे नग म्हणजे एकाच जातीच्या लहान चकत्या, आणि ड्रिलची टोके अशी मऊ की करवंटीवर दोन भोकांत बोथट होत. तिसाव्या दिव्याला मोटरमधून धूर निघाला. दुकानदार म्हणाला, याचे ब्रश वेगळे मिळत नाहीत, नवे यंत्र घ्या.

"भावजी, आता हातात सतरा दिवस आहेत," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा तसलेच घेतले आणि तेही जळले, तर मी आगाऊ रक्कम कुठून परत करू?"

त्यांचे काम रोज चार-पाच तासांचे आणि एका जागी बसून करायचे. अशा कामाला हातातले यंत्र, अगदी महागातले असले तरी, योग्य नव्हे. आम्ही अण्णांना घेऊन बाजार हिंडलो आणि लटकती मोटर आणली. पहिल्या यंत्राच्या सुमारे तिप्पट किंमत पडली. उरलेली आगाऊ रक्कम आणि गटाचे थोडे कर्ज त्यात गेले. मला काळजी होती पॅडलची. पण वहिनींनी पाय ठेवला मात्र, आणि त्या हसल्या. "हे तर शिवणाच्या मशीनसारखेच की!" मोटर बसवलेले शिलाई मशीन त्या वर्षानुवर्षे चालवत आल्या होत्या. वेग पायात ठेवून हात मोकळा सोडायची विद्या त्यांना शिकवावी लागली नाही. दिवे वेळेवर गेले, आणि फीही वेळेवर भरली गेली.

या गोष्टीतून दोन हिशेब निघतात. एक, आठवड्याला किती तास काम आहे ते आधी ठरवावे आणि मगच यंत्र. दुसरा, नगांची संख्या मोजू नये. घरच्या कामाला दहा-बारा चांगले नग पुष्कळ झाले: १ ते ३ मिलिमीटरचे चार ड्रिल, जाळीचे मजबुतीकरण असलेल्या थोड्या कापचकत्या, काचकागदाची नळकांडी, एक-दोन कार्बाइडची टोके, दोन हिऱ्याची टोके, नमद्याचा गोळा आणि पितळी तारेचा ब्रश. बाकीचे लागेल तसे पुडीने आणावे.

आणखी एक गोष्ट दुकानातच विचारावी. कार्बनचे ब्रश मिळतात का? मोटरमध्ये वीज पोचवणारे हे दोन लहान तुकडे झिजणारच. ते बाहेरून स्क्रूने काढता येत असतील आणि सुटे मिळत असतील, तर यंत्राचे आयुष्य कैक पटींनी वाढते. उल्हासनगरच्या दुरुस्तीवाल्याला यंत्र दाखवून 'हे उघडता का?' असे विचारावे. ज्याला तो नाही म्हणेल, ते स्वस्त असले तरी महागच.

आणि ज्यांचे नातलग अमेरिकेत आहेत त्यांना एक सूचना. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे असते आणि आपली वीज २३० व्होल्टची. भाच्याने प्रेमाने आणलेले यंत्र थेट आपल्या प्लगमध्ये घातले, तर ते एका क्षणात स्वर्गवासी होईल.

कोणत्या कामाला किती वेग?

लाकूड घासायचे तर मध्यम ते जास्त वेग, पण स्पर्श हलका. एका जागी थांबलात की लाकूड काळे पडते. लाकडाला भोक मात्र मंद वेगाने. अॅक्रिलिकचा आकाशकंदील करायचा असेल तर वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर कापलेली फट वितळून मागच्या मागे पुन्हा जुळते. पीव्हीसीचा पाइप तापू देऊ नये, कारण त्याचा धूर घशाला झोंबतो आणि तो विषारी असतो. गंजून बसलेला खिळा किंवा बोल्ट कापायला चकती आणि जास्त वेग. तारेचा ब्रश १५,००० च्या वर नेऊ नये, तारा तुटून सुयांसारख्या उडतात.

बाथरूमच्या टाइलला भोक पाडताना हिऱ्याचे टोक, मंद ते मध्यम वेग आणि दुसऱ्या माणसाने थेंब थेंब सोडलेले पाणी. यंत्रावर पाणी पडता कामा नये. समई-निरांजने चकाकवायला नमद्याचा गोळा, थोडे पॉलिश आणि मंद वेग. पण मुलामा दिलेल्या वस्तूवर हा प्रयोग करू नये, मुलामाच निघून जाईल. भांड्यांवर नाव घालायचे असेल तर तेही यात होते. भांड्यांच्या दुकानातली विजेची लेखणी टोक ठोकत जाते, आपले टोक फिरत जाते. म्हणून येथे ते गोल अक्षरांत निसटू पाहते. आधी जुन्या डब्यावर हात बसवावा.

डोळे, श्वास आणि पदर

हे हत्यार खेळण्यासारखे दिसते, आणि धोका त्यातच आहे. ३८ मिलिमीटरची कापचकती ३०,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला साठ मीटर धावते. ताशी सुमारे २१५ किलोमीटर. कर्जत लोकलच्या कमाल वेगाच्या जवळजवळ दुप्पट! ती फुटली तर तुकडा नेमका त्या वेगाने येतो. म्हणून चकतीच्या रेषेत तोंड ठेवू नये, तिच्या बाजूला बसावे. नवी चकती लावल्यावर यंत्र दूर धरून अर्धा मिनिट नुसते फिरवावे. आणि डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच. वाचायचा चष्मा त्या कामाचा नव्हे. यंत्राच्या खरेदीत शंभर-दोनशे रुपये चष्म्यासाठी आधीच बाजूला काढावेत. पैसे कमी पडले तर नग कमी घ्यावेत.

पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, मंगळसूत्र आत आणि हातात बांगड्या नाहीत, असे बसावे. सुती हातमोजेही घालू नयेत, धागा टोकाला गुंडाळला की बोट ओढले जाते. वस्तू एका हातात आणि यंत्र दुसऱ्या हातात असे कधी करू नये. वस्तू लहानशा व्हाइसमध्ये पक्की धरावी.

धुळीचे तर विसरूच नये. करवंटीची, लाकडाची आणि दगडाची धूळ फार बारीक असते. करोनाच्या काळात घरोघरी आलेले एन-९५ मुखपट्टे येथे कामी येतात. आपल्याकडे जुन्या चाळींवर आणि शेडवर सिमेंटचे पत्रे दिसतात, त्यांत अॅस्बेस्टॉस असते. त्यांना या यंत्राने भोकही पाडू नये आणि घासूही नये. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने उभे राहतात.

शेवटचा हिशेब

आता विचारणाऱ्यांना मी काय सांगतो ते थोडक्यात. वर्षातून एकदा समया घासायच्या आणि दोन खिळे कापायचे, एवढेच काम असेल तर यंत्र घेऊच नका. शेजाऱ्याचे मागून आणा, किंवा वस्तूच उल्हासनगरला नेऊन काम करून घ्या. आठवड्याला तास-दोन तासांची हौस असेल, कंदील, मखर, मुलांचे प्रकल्प, घरातली डागडुजी, तर वायरचे, वेग बदलता येणारे, ब्रश मिळणारे आणि सरळ पकडीचे यंत्र घ्या. रोज बसून चार पैसे मिळवायचे असतील तर लटकती मोटर. काम केसाएवढे नाजूक असेल तर मायक्रोमोटर. बॅटरीचे घ्यायचे ते दुसरे म्हणून, पहिले नव्हे.

आणि कोणतेही घ्या, दुकानातून निघण्यापूर्वी सरळ दांडी उलटी बसवून एकदा फिरवून पाहा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या. सणासुदीला सवलतींच्या पाट्या सगळीकडे लागलेल्या असतात, पण वाकडी पकड सवलतीतही वाकडीच येते. ती सरळ निघाली की खुशाल पैसे मोजा, चष्मा आठवणीने घ्या, आणि यंदाचा आकाशकंदील घरीच करा.